तोडलेलं दूध

फोन तृप्तीच्या नंबरवर आला, एवढीच काय ती योगेंद्रची चूक झाली; नाहीतर बाकी सगळं त्याने नीट झाकलं असतं. कुठलाही फॉर्म भरताना मोबाईलच्या चौकटीत बायकोचा नंबर टाकायचा, ही त्याची लग्नापासूनची सवय. गॅसच्या नोंदणीपासून गाडीच्या विम्यापर्यंत सगळीकडे तीच. फालतू फोन मग तिला येत आणि तो वरठीच्या कारखान्यात निवांत. मार्चच्या बारा तारखेला कारखान्यात रक्तदान शिबिर झालं, फोरमनने नावं घेतली, तेव्हाही त्याने तिचाच नंबर टाकला आणि रक्त देऊन घरी येताना चार खणांचा स्टीलचा डबा घेऊन आला. "पाह्य, फुकटात," म्हणाला. तृप्ती रोज त्याच डब्यात त्याची पोळीभाजी भरायला लागली. बारा दिवसांनी सकाळी ती भांडी घासत होती, ओल्या हातानेच तिने फोन उचलला. रक्तपेढीतून बोलतोय, योगेंद्र यांना एकदा येऊन भेटायला सांगा. "काय झालं जी? मी मिसेस बोलते." पलीकडचा आवाज आतापर्यंत रखरखीत होता, तो एकदम मऊ झाला. "त्यांच्याशीच बोलावं लागेल, ताई." त्या मऊपणानेच तिला धरलं. अनोळखी माणूस उगाच मऊ होत नाही. भंडाऱ्याच्या कॉलेजात तीन वर्षं प्राणिशास्त्र घेऊन तिने बीएस्सी केलं होतं. दान केलेल्या रक्ताच्या पाच चाचण्या होतात हे तिने परीक्षेत लिहिलं होतं आणि त्याचे मार्कही मिळवले होते. दोन प्रकारची कावीळ, मलेरिया, सिफिलिस, एचआयव्ही. हात पुसून ती दहा महिन्यांच्या टीनाला घेऊन पाजायला बसली आणि पाजता पाजता बोटांवर पाच मोजत राहिली. हिवताप असावा, असं तिला मनापासून वाटत होतं. नवऱ्याला हिवताप व्हावा म्हणून तिने चक्क हात जोडले.

तो जाऊन आला. "काही नाही, नाव चुकलं होतं," म्हणाला. नाव चुकायला शिबिरात दुसरा कोणी योगेंद्र होता का, तर असेल. तिने वाद घातला नाही. पण त्या दिवसापासून तृप्ती पाहू लागली. पाहणं तिला लहानपणापासून येत होतं. घरात आवाज चढायच्या आधी बाप चप्पल कशी काढतो, यावरून तिला पुढचं कळायचं. तसंच आता. योगेंद्र आपली चड्डी स्वतः धुऊ लागला. पाण्याचा पेला वेगळा ठेवू लागला आणि "गर्मी वाढली, मले मोठा गिलास लागते," असं न विचारताच सांगू लागला. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे टीना. कामावरून आला की दारातूनच "माही पोट्टी कुठं गेली वो" म्हणत तिचे मुके घेणारा माणूस आधी मोरीत जाऊन साबणाने कोपरापर्यंत हात धुऊ लागला, मग पोरीला दोन मिनिटं मांडीवर घेऊन, तोंड लांब ठेवून, परत देऊ लागला. पोरगी त्याच्या मिशीकडे हात न्यायची आणि तो मान मागे घ्यायचा. तृप्ती बघत होती. आणि अशा बापाने एकतीस तारखेला, रक्तपेढीत जाऊन आल्यानंतर पाचव्या दिवशी, तिच्या अंगावर हात टाकला होता. तेव्हा मात्र त्याने हात धुतले नव्हते. हे तिला नंतर आठवलं, आणि आठवलं ते इतकं लख्ख की त्या दिवशीच्या चादरीवरचा चहाचा डागसुद्धा दिसला.

एकोणीस दिवस तिने वाट पाहिली. मग एका रविवारी भर दुपारी, सासू चंद्रभागाबाई बाहेरच्या खोलीत टीनाला घेऊन पडल्या होत्या, तेव्हा तिने त्याला विचारलं, "पाचातलं कोणतं?" कसलं पाच, असं त्याने विचारलंच नाही. तिथेच तिला उत्तर मिळालं. त्याने उठून कूलरचं बटण दोनवरून तीनवर केलं. पत्र्याचा जुना कूलर, तीनवर टाकला की शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. त्या घरघराटात, तिच्या कानाजवळ येऊन, तिने आयुष्यात ऐकलेलं सगळ्यात लांब बोलणं तो बोलला. रायपूरले शटडाऊनचं, कारखाना बंद ठेवून दुरुस्तीचं, काम होतं ना, जानेवारीत. दोन महिने. सगळे गेले होते. एकदाच. गर्मीची बीमारी, सिफिलिस म्हणते ते, निघाली, ते दुसरं, एड्सवालं, नाही निघालं. सुई घेतली, झालं, मोकळं. त्या दुसऱ्याचं तीन महिन्यानं आणखी पाहाचं म्हणे, पण ते नुसतं नियमाचं असते.

"मले काहून नाही सांगतलं?"

"तू टेन्शन घेतली असती. दूध आटते टेन्शननं. आई म्हणते."

"एकतीस तारखेले सांगाचं होतं."

"सुई घेतल्यावर काही होत नाही वो. आन मी पोट्टीले तर हातबी लावत नव्हतो. तिची काळजी घेतलीच ना मी."

त्याच्या तोंडावर खरोखरच थोडा अभिमान होता. तृप्तीला तो चेहरा पुढे कितीतरी दिवस दिसत राहिला. आपण पोरीला शिवलो नाही म्हणजे पोरगी वाचली, असा त्याचा साधा हिशेब. त्याच्या तोंडापासून पोरीच्या तोंडापर्यंत दुसरा एक रस्ता आहे, तो बायकोच्या अंगातून जातो, दिवसातून आठ वेळा जातो, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. मध्ये ती होती. मध्ये असलेलं माणूस त्याला दिसलंच नव्हतं. नळाला पाणी येतं तेव्हा मधला पाइप कोणाला दिसतो? तिला वाटलं त्याला मारावं, काहीतरी जड घेऊन. जड असं जवळ काहीच नव्हतं; उशी होती, टीनाचं झबलं होतं. कूलर घरघरत होता. बाहेरून टीना जागी होऊन रडली आणि त्या रडण्यासरशी, कोणाला न विचारता, तिच्या दोन्ही छातीत दूध उतरलं. तिच्या शरीराला काहीच कळलं नव्हतं.

संध्याकाळी तिने घरमालकीण ललिताबाईंच्या अंगणातला कडूनिंब ओरबाडला, पाट्यावर वाटला आणि लावला. पहिल्यांदा टीनाने तोंड लावलं, तिने आईकडे पाहिलं, ओठ बाहेर काढले आणि पुन्हा लावलं. विश्वास बसेना तिचा. तिसऱ्यांदा ती रडली ती अशी, की चंद्रभागाबाई धावत आल्या. "काहून वो? काय लावलंस?" वास त्यांना लगेच कळला. "दूध तोडून राहिली? दहाव्या म्हैन्यात? माह्या योगेंद्रानं अडीच वर्सं पेलं!" तृप्तीला वाटलं, पेलंच असेल. चंद्रभागाबाई तिच्याकडे खालून वर पाहत राहिल्या, मग त्यांची नजर पोटावर येऊन थांबली, आणि रागाचा चेहरा उलगडून हळूहळू दुसराच झाला. "अस्सं हाय तर. मंग आधी सांगाचं नाही का, बाई? पोटुशीचं दूध लेकराले बाधतेच. बरं केलं तोडलं." तृप्तीने मान खाली घातली. ती हो म्हणाली नाही आणि नाही म्हणाली नाही. टीना झाल्यापासून तिची पाळी परत आलीच नव्हती, त्यामुळे खोटं पाडायला कोणाकडे काही नव्हतं. त्या मान खाली घालण्यातच तिला वाट दिसली. भंडारा-वरठीतली बाई आपण होऊन ती तपासणी करायला गेली तर गावभर तिची तपासणी होते. पण पोटुशी बाई गेली तर सरकारच तिचं ते रक्त काढतं, विचारत नाही, आणि लोक तिला बसायला जागा देतात. कुठे का होईना, त्या दाराशी तिला मानाने उभं राहायचं होतं. आणि घरी बसून योगेंद्रच्या तीन महिन्यांनंतरच्या तपासणीवर तिला अवलंबून राहायचं नव्हतं.

भंडाऱ्याच्या रुग्णालयात तिच्या वर्गातल्या दोन मुली नोकरीला होत्या. म्हणून तुमसर. "भंडारा सोडून तुमसर कायले?" चंद्रभागाबाईंनी विचारलं. "तिथली डॉक्टरीण चांगली आहे, आई." मग त्याही निघाल्या, कारण पोटुशीने एकटीने रेल्वेत बसू नये. पक्कं होईस्तोवर योगेंद्रला सांगायचं नाही, असंही त्यांनीच ठरवलं. भंडारा रोडला सकाळच्या गाडीत खिडकीची जागा मिळाली. दूध तोडल्याचा तो चौथा दिवस. छाती दगडासारखी झाली होती, काखेपर्यंत गाठी लागत होत्या, गाडीच्या प्रत्येक धक्क्याला आतून कोणी दोरी ओढल्यासारखं होत होतं. ती मोरीत उभी राहून वाटीत दूध पिळायची आणि ते पायदळी येऊ नये म्हणून सासूने सांगितल्याप्रमाणे पेरूच्या बुडाशी ओतायची. तिथे मुंग्या यायच्या. मुंग्यांना होईल का, असा एक विचार तिच्या मनात येऊन गेला होता आणि बीएस्सी झालेल्या बाईला त्याची लाज वाटली होती. आता टीना सासूच्या मांडीवरून तिच्या पदराकडे झेपावत होती, पदराशी आली की थबकत होती, वास घेत होती आणि तोंड फिरवून किंचाळत होती. पुन्हा झेपावत होती. समोरची एक म्हातारी म्हणाली, "पाजून दे ना, बाई, काहून तडफडवतेस?" चंद्रभागाबाई तोऱ्यात म्हणाल्या, "पोटात हाय तिच्या." "अग्गो! मंग बरोबर हाय." डब्यातल्या चार बायका तिच्याकडे बघून हसल्या. पदराखाली ब्लाऊज ओला होत गेला. तिला त्या चौघींचा, सासूचा, त्या किंचाळणाऱ्या पोरीचासुद्धा राग आला. पोरीचा आला तेव्हा मात्र तिने खिडकीकडे तोंड केलं. बाहेर कापलेल्या धानाची बुडखं उन्हात पडली होती, तळ्यात पाणी कमी होऊन चिखल उघडा झाला होता. रायपूरही याच रुळावर पुढे आहे, हे तिला तेव्हाच सुचायचं होतं.

रुग्णालयात पोटुशा बायकांची रांग एचआयव्ही तपासणीच्याच खोलीशी होती. दारावर पाटी होती. चौथी शिकलेल्या चंद्रभागाबाईंनी ती अक्षर लावून वाचायला सुरुवात केली, "ए-का-त्मि-क", आणि कंटाळून सोडून दिली. तृप्तीचा श्वास मोकळा झाला. आतल्या समुपदेशक बाई तिच्यापेक्षा फार मोठ्या नव्हत्या. टेबलावर पाण्याची बाटली, रजिस्टर आणि कोणाच्या तरी बारशाची पत्रिका.

"कितवा महिना?"

"मी गरोदर नाही."

बाईंनी पेन थांबवलं. "बाहेरच्या तर म्हणाल्या—"

"त्यांना तसं वाटते. वाटू द्या."

बाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं आणि दार लोटून घेतलं. मग तृप्तीने सांगितलं. तारखेसकट, क्रमाने, परीक्षेतल्या उत्तरासारखं. रायपूर, बारा मार्च, एकतीस मार्च, दूध, कडूनिंब. आपला आवाज इतका कोरडा कसा, याचं तिलाच नवल वाटलं. बाईंनी मध्ये एकदाच विचारलं, "कंडोम?" आणि तृप्तीला हसू आलं. टीना होण्याच्या आधी त्याने एकदा आणलं होतं, वरठीचा मेडिकलवाला ओळखीचा म्हणून थेट भंडाऱ्याहून. कपाटात वरच्या फळीवर आहे अजून, लग्नाच्या अल्बमखाली. मग रक्त घेतलं. तिने सुईकडे पाहिलं. बाईंनी छाती तपासून घेतली, कुठे व्रण नाही ना म्हणून. हात लावल्याबरोबर दूध उडून त्यांच्या बाहीवर गेलं. तृप्ती ओरडलीच, "पुसा, लवकर पुसा!" बाईंनी शांतपणे पुसलं. "घाबरू नका, याने मला काही होत नाही." तेवढ्यावर मात्र तृप्तीला रडू आलं. चार दिवसांत तिच्या दुधाला कोणी न भिता हात लावला नव्हता. तिने स्वतःही नाही.

निकाल तासाभरात आले. एचआयव्ही निगेटिव्ह. "पण हे आजचं नाही धरायचं," बाई म्हणाल्या. "रक्त मागचं सांगते. एकतीस तारखेचं काय, ते अजून याच्यात दिसणार नाही. सहा आठवड्यांनी या, मग तीन महिन्यांनी. तोवर दूध थांबवलंय ते डॉक्टरांशी बोलून ठरवू. बाळ वरचं खाते, त्याची वाढ बघू. आणि नवऱ्याला सोबत आणा." मग त्यांनी दुसरा कागद पुढे केला. सिफिलिसचा. तो तसा नव्हता. तृप्तीने तो कागद दोनदा वाचला, जसा कोणी आपला निकाल बोर्डावर दोनदा वाचतो. म्हणजे ते आत आलं होतं. तिची कुठेही सही नव्हती, तिला कोणी विचारलं नव्हतं, आणि तरी ते तिच्या नावावर होतं. बरं होणारं आहे, लवकर सापडलं आहे, बाई सांगत होत्या. आधी थोडं औषध टोचून अर्धा तास बसवलं, मग दोन्ही कुल्ल्यांत दोन जाड सुया. औषध घट्ट होतं, ते आत शिरताना विस्तव ढकलल्यासारखं वाटलं. ती लंगडत बाहेर आली तेव्हा टीना सासूच्या खांद्यावर रडून रडून झोपली होती आणि चंद्रभागाबाई फोनवर गावी, एकोडीला, सासऱ्यांना मोठ्याने सांगत होत्या, "हो जी, पक्कं! आत्ताच डॉक्टरनीनं सुई देल्ली. ताकतीची!"

परतीच्या गाडीत तृप्ती बसू शकली नाही. दाराशी उभी राहिली. सहा आठवडे. जूनच्या पहिल्या हप्त्यात. तेव्हा पोटुशी असण्याचं काय करायचं, याचा ती शांतपणे विचार करू लागली; पडलं म्हणून सांगता येईल. एका खोट्यातून दुसरं काढायला आपल्याला किती सहज येतं. त्याच्याकडून शिकलो असू. आणि मग तिला एक गोष्ट सुचली, ती इतकी गोड होती की कुल्ल्यातली आग विसरली. योगेंद्रला आज घरी गेल्यावर कळेल. आईच्या तोंडून. त्या बातमीचा अर्थ त्या घरात फक्त त्यालाच कळेल: रायपूरनंतरचं पोर, त्या आजारातलं पोर. तो काही बोलू शकणार नाही. रोज सकाळी तिच्या पोटाकडे पाहील आणि डबा उचलून जाईल. एकोणीस दिवस तिने काढले. त्याला नव्वद काढू दे.

सहा वाजता तो आला. चंद्रभागाबाईंनी दारातच त्याच्या तोंडात गुळाचा खडा घातला. "बाप होऊन राहिला तू, बैला! आन मले परक्यासारखं दूध तोडल्यावर समजते!" ललिताबाई भिंतीपलीकडून ओरडल्या, "पार्टी पाह्यजे जी, योगेंद्रभाऊ!" गूळ त्याच्या तोंडातच राहिला. चघळेना, गिळेना. तृप्तीने पाहिलं. बापाची चप्पल पाहायची तसं पाहिलं. हात न धुताच तो स्वयंपाकखोलीत आला, पिशवीतून डबा काढून ओट्यावर ठेवला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "खरं हाय?" त्याच्या कपाळावर घाम होता. "तपासलं का त्यायनं? ते... ते दुसरंबी?" ती पोळ्या लाटत राहिली. नव्वदातला पहिला दिवस. चव चांगली होती.

"काही बोल ना वो."

"तू टेन्शन घेशील," ती म्हणाली.

तो बाहेर जाऊन बसला. बाहेरच्या खोलीत कूलर तीनवर चालू होता, तरी चंद्रभागाबाईंचा आवाज त्याच्यावर चढला. टीना त्यांच्या मांडीवर, डोळे सुजलेले, बिस्किट चोखत. "म्या ठरवलं हाय. पोट्टीले मी एकोडीले नेतो. चार म्हैने. बकरीचं दूध हाय, मी हावो, तिचे आजोबा हायेत. पोटुशीच्या अंगावर लेकरू लोळलं का दोघायलेबी बाधते. आन हिले पाहून पाहून रडते, थे वेगळंच." तृप्ती दारात येऊन उभी राहिली, हातात लाटणं. तिने योगेंद्रकडे पाहिलं. तो आता नाही म्हणेल. त्याच्याच मिशीकडे हात नेणारी पोर ती. योगेंद्रने गूळ गिळला. आणि त्याच्या चेहऱ्यावर तेच आलं, जे त्या रविवारी आलं होतं. काळजी घेतल्याचं समाधान.

"ने ना, आई," तो म्हणाला. "बरं होईल. उद्याच ने. इथं कायले ठेवाची?"

पोरगी वाचवायची होती त्याला. तिच्यापासून. तृप्तीला सगळं एकदम साफ दिसलं: पोरगी एकोडीला, बकरीचं दूध, वेगळा पेला, आणि या दोन खोल्यांत ती, पोटात नसलेलं पोर घेऊन, नव्वद दिवस त्याची मजा बघत. मजा बघणारी तीच उरणार होती, बाकी सगळे सुटणार होते.

तिने लाटणं खाली ठेवलं, सासूच्या मांडीवरून टीनाला उचललं. पोरगी सवयीने पदराकडे वळली, थांबली, वास घेतला. तोंड फिरवलं. पण रडली नाही. खांद्यावर डोकं टाकलं.

"आई, माझ्या पोटात काही नाही."

"आं?" चंद्रभागाबाईंनी कानाला हात लावला. "काय म्हणतेस? आयकू नाही येऊन राहिलं."

योगेंद्र उठायला लागला होता. "काही नाही वो, आई, तिचं... नाव चुकलं—"

"पोटात काही नाही, आई. मग मी दूध कायले तोडलं, थे तुमच्या पोराले विचारा. अन् मले आज सुई कायची देल्ली, थेबी."

असं म्हणून ती खिडकीशी गेली, टीनाला एका हाताने सावरत, आणि कूलरचं बटण बंद केलं. पात्याची गरगर हळूहळू उतरत गेली. जाळीतून पाण्याचे दोनचार थेंब टाकीत टपटपले, मग तेही थांबले. भिंतीपलीकडे ललिताबाईंच्या भांड्यांचा आवाज बंद झाला.

"बोल," ती योगेंद्रला म्हणाली. "आता साफ ऐकू येते."